भावोजींच्या कपाटातलं रडणं

माझे भावोजी रेडिओवर होते असं सांगितलं की लोकांचे चेहरे उजळतात आणि पहिला प्रश्न येतो, आवाज कसा होता? आवाज चांगला होता. त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती. नावं ठेवायची ती आवाज सोडून बाकी सगळ्याला, आणि ते काम घरात दुसरं कोणी करत नसल्यामुळे ताईच्या लग्नापासून माझ्याकडेच आहे. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

रेडिओ केंद्रात ते लागले ते बाजारभाव वाचायला. बटाट्याचे भाव कोसळले तरी वाचणाऱ्याचा रुबाब असा की ऐकणाऱ्याला वाटावं, चढलेच असणार. मग हवामान दिलं, मग हरवलेल्या माणसांच्या घोषणा. अंगात निळा सदरा, उंची मध्यम, बोलताना अडखळतो, वगैरे. एकदा अशाच एका हरवलेल्या मुलाची आई केंद्रात आली, घोषणा पुन्हा वाचा म्हणून यांच्यासमोर बसून रडली. संध्याकाळी जेवताना भावोजी ताईला म्हणाले, "काय हुंदका होता. आधी श्वास अडकतो, मग आवाज येतो. आमच्या नाट्यविभागात एकीलाही जमत नाही." मुलगा सापडला का, असं ताईने विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

पुढे ते नाट्यविभागात गेले. आधी सहायक, मग निर्माता. निर्माता म्हणजे श्रुतिकेचा बाप. नट निवडायचे, तालमी घ्यायच्या, ध्वनिमुद्रण करायचं आणि मग टेप ब्लेडने तिरकी कापून, चिकटपट्टी लावून, नको तो खोकला, नको तो श्वास काढून टाकायचा. हे कापाकापीचं काम भावोजींइतकं सफाईने कोणी करत नसे. त्यांनी जोडलेल्या टेपवर सांधा कुठे आहे ते ध्वनिमुद्रकालाही सापडायचं नाही. घरात मात्र भिंतीवर एक खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारावी लागे.

आवाजांसाठी विभागाकडे काही परदेशी तबकड्या होत्या. दार वाजणं, घोडा धावणं, वादळ. त्यांतली एक बाई रडायची की तिला शिंका येत होती हे नक्की सांगता येत नसे. भावोजींनी त्या तबकड्या माळ्यावर टाकल्या आणि खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डर घेऊन गावभर फिरायला लागले. खरा आवाज खोट्या नटापेक्षा शहाणा असतो, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांच्या कड्या वाजवून झाल्या, जिन्यावरून सगळ्या वयाची माणसं चढवून उतरवून झाली, मोलकरणीकडून बश्या फोडून घेतल्या आणि वर ताईलाच विचारलं, बश्या एवढ्या कमी कशा. ताई हसायची. वेडा माणूस पदरात पडलाय, पण व्यसन तर नाही ना, म्हणायची. प्रत्येक आवाजाची टेप नीट डबीत घालून केंद्रातल्या एका लोखंडी कपाटात जायची. त्या कपाटाला ते संग्रह म्हणत.

मग ताईचे सासरे आजारी पडले. मुलगा शेवटचे दिवस त्यांच्या उशाशी बसून होता. लोक म्हणाले, सेवा करावी तर अशी. तो उशाशी बसून खोकला टिपत होता. कोरडा, ओला, झोपेतला, बोलता बोलता लागलेला. म्हातारबाबा गेले आणि त्यानंतरच्या प्रत्येक श्रुतिकेतला प्रत्येक म्हातारा त्यांच्यासारखाच खोकायला लागला. आमच्या घरात त्यावर विनोद झाले. मीच पहिला केला होता, बाबा गेले पण नोकरीला लागले. सगळे हसले, भावोजीसुद्धा. त्या घरात तोवर हसण्यासारखं बरंच होतं, कारण ताईची मुलगी तेव्हा पायात घोटाळत फिरायची. तिला सगळे छोटी म्हणत.

छोटी शाळेत जायला लागली त्या वर्षी तापाने गेली. ताप साधाच वाटला होता. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मी ताईबरोबर होते. भावोजींना निरोप पाठवला, ते कुठल्याशा कारखान्याचा भोंगा टिपायला गेले होते, तिथून तसेच आले. खांद्याला ती टेपरेकॉर्डरची चामड्याची पेटी. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी काही सांगायच्या आधीच ताईला कळलं. ती छोटीचं नाव घेऊन जी रडली, त्याचं वर्णन मी करणार नाही. वर्णन करायची गरजही नाही, तुम्ही ते ऐकलेलं आहे.

भावोजींनी उजव्या हाताने तिला जवळ घेतलं. डावा हात पेटीत गेला. मला वाटलं, रुमाल काढतायत. मग पेटीच्या झाकणाखाली दोन चकत्या फिरताना दिसल्या. त्यांची मान खाली होती, सगळ्यांना वाटलं असेल की बाप खचलाय, पण ते सुई बघत होते. आवाज फार मोठा झाला की यंत्रातली सुई लाल रेषेच्या पलीकडे जाते आणि टेपवर आवाज फाटका येतो. म्हणून त्यांनी ताईचं डोकं हळूच खांद्याच्या दुसऱ्या बाजूला वळवलं. थोपटल्यासारखं करून. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं आमची आई म्हणायची. तोवर मी ती नुसती बोलायची रीत समजत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, भावोजी, बंद करा ते. त्यांनी केलं. हवं तेवढं मिळालं होतं म्हणून केलं.

ताईला त्या वेळी काही दिसलं नव्हतं. तिला बरेच दिवस समोरची भिंतही दिसत नव्हती. मी भावोजींना बाजूला घेऊन बजावलं, ती टेप पुसा. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्याला आवाज नसतो, त्यामुळे त्यांच्या लेखी ती गोष्ट घडलीच नसावी.

काही महिन्यांनी मी ताईकडे राहायला गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो, रेडिओ चालू होता. भावोजींचीच नवी श्रुतिका. लढाईवर गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई आणि शेवटी दारात आलेला शिपाई. शिपाई बोलला आणि ती आई रडली. ताईचा हात थांबला. ती रेडिओकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे माझं आहे."

मग ती म्हणाली, "नाव कुठे गेलं?"

नाव कापलं होतं. छोटीचं नाव मध्ये असलं तर ते रडणं दुसऱ्या कुणासाठी वापरता येणार नाही, म्हणून ब्लेडने तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडली होती. काम नेहमीप्रमाणे सफाईदार. सांधा कळला तो फक्त जिने ते नाव उच्चारलं होतं तिला.

भावोजी घरी आले तेव्हा ताईने जेवायला वाढायच्या आधी विचारलं. ते खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय द्यायला हवं. उलट त्यांना वाटत होतं की तिला बरं वाटेल. म्हणाले, आज घराघरांत लोक तुझ्याबरोबर रडले, तुझं दुःख वाया गेलं नाही. ताईने एकच मागणं केलं. ते पुसा. पुन्हा कुठे वाजता कामा नये. भावोजी म्हणाले, संग्रहातली वस्तू मला परस्पर पुसता येत नाही, ती केंद्राची आहे.

"माझं रडणं केंद्राचं कसं झालं?"

"टेप केंद्राची होती," ते म्हणाले.

आणि जेवायला बसले. ताईने वाढलं. मला अजून कळत नाही तिने का वाढलं. मी असते तर पातेलं डोक्यात घातलं असतं.

त्या श्रुतिकेला वर्षातली सर्वोत्कृष्ट म्हणून बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, शेवटी रडलंय कोण? खरं सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते, म्हणून भावोजींनी नाट्यविभागातल्या नटीचं नाव सांगितलं. ही बाई सगळ्या श्रुतिकांत आईचं काम करायची, केंद्रात तिला आईबाईच म्हणत. नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा, तसा तिचा प्रकार. रडायला लागली की ऐकणाऱ्याला झोप यायची. आधी ती घाबरली, मी नाही हो रडले म्हणाली. मग सत्कार झाला, हार पडले, आणि तिला हळूहळू आठवायलाच लागलं. मुलाखतीत ती सांगू लागली की त्या प्रसंगाच्या वेळी तिने आपल्या वारलेल्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला होता. ती मुलाखत घेणारे भावोजीच होते, तेच तिला विचारत होते, आणि पुन्हा एकदा सांगा म्हणत होते.

आईबाई एकदा घरी आली, मोठा फुलांचा गुच्छ घेऊन. ताईने चहा केला. आईबाईने तिला समजावून सांगितलं की रडणं पोटातून आलं पाहिजे, गळ्यातून आलेलं रडणं लोकांना लगेच कळतं. ताई म्हणाली, साखर पुरेशी आहे ना?

पण ताई दिसते तशी गरीब नाही. ती भावोजींना न सांगता केंद्रसंचालकाकडे गेली. मला बरोबर नेलं. संचालकाने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, त्याची बहीणही अशीच गेली होती म्हणाला. मग म्हणाला की संग्रहातली वस्तू एकदा पुसायची प्रथा पडली तर उद्या प्रत्येक जण येईल. कोण येणार होतं? म्हातारबाबा खोकला परत मागायला येणार होते? मी तसं विचारलंही. त्याने घंटा वाजवून शिपायाला बोलावलं आणि आम्हाला बाहेरपर्यंत सोडायला सांगितलं.

त्यानंतर ते रडणं सगळ्यांचं झालं. राणी रडली तरी ते, मोलकरीण रडली तरी ते. विधवा, टाकलेली बायको, एकदा तर परीकथेतली चेटकीण. ताईने घरातला रेडिओ कपाटात ठेवला, पण शेजाऱ्यांचे रेडिओ होतेच. श्रुतिकेची वेळ झाली की ती खिडक्या लावून घ्यायची. भर उन्हाळ्यात घाम पुसत बसायची. लोक म्हणत, रेडिओवाल्याची बायको आणि कानाला रेडिओ खपत नाही, घरचं कौतुक कसं ते नाहीच. भावोजींनाही तसंच वाटत असे. एकदा माझ्याजवळ कुरकुरले, तुझ्या बहिणीने माझं एकही काम धड ऐकलं नाही.

ते वर चढत गेले. ज्येष्ठ निर्माता झाले, विभागप्रमुख झाले, नव्या पोरांना शिकवायला लागले. शिकवताना ही टेप हमखास लावत. उत्कट भावना टिपताना पातळी कशी सांभाळावी, याचा नमुना म्हणून. निवृत्त झाले तोवर टेपा जाऊन संगणक आले होते. कपाटातलं सगळं संगणकात गेलं आणि संगणकातून कुठल्या कुठे. मग डोकेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीत ताई रडली. नंतर एका विनोदी कार्यक्रमात नवरा बायकोचा मोबाइल लपवतो आणि ती रडते, तिथेही ताईच. मागे हशा. शेजारची मुलं ते एकमेकांना लावून दाखवत होती, आणि ताई भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मधून जिना चढली.

म्हातारपणी भावोजी थोडे मवाळ झाले होते, असं म्हणतात. मी नाही म्हणत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण एक संध्याकाळ मला सोडता येत नाही. तिघं गच्चीत बसलो होतो, काही विषय नव्हता, आणि ताईने त्यांना एकदम विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काहीच वाटलं नव्हतं का?"

ते मग म्हणाले, "मी सुई बघत होतो म्हणून उभा राहिलो. वर बघितलं असतं तर पडलो असतो."

ताईने त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता ही माफ करणार. मी तरी त्या क्षणी थोडी विरघळले होते. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण लेव्हल अप्रतिम आली होती." ताई उठून आत गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

भावोजी एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. सुखाचं मरण. ज्यांना मिळू नये त्यांना ते हमखास मिळतं. ताई रडली नाही. सगळं नीट केलं, माणसांना बसायला दिलं, पाणी दिलं, कोण कधी आलं कधी गेलं त्याकडे लक्ष ठेवलं, पण डोळ्यांतून थेंब नाही. भावोजींची बहीण, म्हणजे ताईची वन्सं, मुक्कामालाच आली होती. ती दर थोड्या वेळाने येऊन ताईच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, रड गं, मोकळी हो. मग बाहेरच्या खोलीत जाऊन आलेल्यांना सांगायची, एवढा संसार केला पण डोळ्याला पाणी नाही बघा.

केंद्राने श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला. वन्सं आणि शेजारपाजार मिळून वीसेक माणसं दिवाणखान्यात जमली, कपाटातला रेडिओ बाहेर काढला. ताईला मधे बसवलं, उठायची सोय नव्हती. भावोजींचे बाजारभाव झाले, हरवलेला निळा सदरा झाला, सहकाऱ्यांच्या आठवणी झाल्या. शेवटी निवेदक जड आवाजात म्हणाला की आज त्यांच्या घरात फक्त अश्रू आहेत. आणि मागून ताई रडली.

दिवाणखान्यात कोणी हललं नाही. पहिल्यांदा वन्संने पदर डोळ्याला लावला. मग शेजारणी. कार्यक्रम संपल्यावर एकेक बाई ताईचा हात हातात घेऊन म्हणू लागली, ऐकलं हो, काळीज पिळवटलं, किती जीव होता तुमचा त्यांच्यावर. वन्संचा तर राग पार गेला. ती मला म्हणाली, "घरात नाही रडली, पण रेडिओवर रडली. शेवटी त्याचीच बायको."

दुसऱ्या दिवशी ताईने स्वतः केंद्रात फोन लावला. नवा निर्माता तरुण होता आणि सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड. ताईने सांगितलं, तो आवाज माझा आहे, मुलगी गेली तेव्हाचा आहे, आता त्यांच्याही माघारी तुम्ही तो त्यांच्या नावाने वाजवलात, आता तरी काढून टाका. त्याने मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाला की बाई, तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो, पण ते रडणं आईबाईंचं आहे. त्यांची मुलाखत आहे आमच्याकडे. साहेब स्वतः विचारतायत, त्या सांगतायत. आता दोघंही नाहीत, त्यामुळे आम्हाला तेच धरून चालावं लागेल. ताईने फोन ठेवला नाही. ती म्हणाली, माझाच आहे तो, सिद्ध करायला काय करू? त्या मुलाने विचार केला आणि त्याला उपाय सुचला. आवाज जुळवून बघता येतात हल्ली. तुम्ही येऊन एकदा तसं रडून दाखवाल का? जुळला तर मी स्वतः काढून टाकतो.

मी म्हटलं, जाऊ नकोस. ताईने साडी बदलली होती.

स्टुडिओ गार होता. भिंतींना भोकं भोकं असलेल्या फळ्या, जाड काच, काचेपलीकडे यंत्रं. त्या मुलाने मला कोपऱ्यात बसवलं, ताईला खुर्ची पुढे ओढून दिली, माइक तिच्या तोंडासमोर आणला, पाणी ठेवलं. म्हणाला, आधी मूळचं ऐका, म्हणजे अंदाज येईल. तिच्या कानांवर हेडफोन चढवले. इतकी वर्षं खिडक्या लावत आलेल्या माझ्या बहिणीने ते पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा शाळेतल्या हुशार मुलीसारखा झाला होता, लक्ष देऊन ऐकणारा. मग मुलगा काचेपलीकडे गेला आणि लाल दिवा लागला.

ताईने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने घसा साफ केला, पुन्हा उघडलं. एक बारीक, कोरडा आवाज आला, दार नीट न लागल्यासारखा, आणि थांबला. मुलगा काचेतून हाताने खुणा करत होता, घाई नाही, घाई नाही. मग तिच्या कानात बोलला. माझ्याजवळच्या स्पीकरवर मलाही ऐकू आलं.

"एखादी दुःखाची गोष्ट आठवून बघा, बाई."

ताईने मान हलवली आणि आठवायला लागली. डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मनापासून. ती म्हातारी बाई तिथे बसून प्रयत्न करत होती, आणि येत होता तो फक्त खाकरण्याचा आवाज. मी काचेवर हात आपटून त्या मुलाला सांगितलं की मी होते इस्पितळात, मी डोळ्यांनी बघितलंय. तो नम्रपणे म्हणाला, पण तुम्ही त्यांच्या बहीण ना? त्याने पडद्यावर दोन्ही आवाजांच्या रेघा वरखाली लावून दाखवल्या. वरची डोंगराएवढी, खालची जेमतेम. जुळत नाही, म्हणाला, सॉरी. दार उघडून धरलं आणि ताईला जपून उतरा म्हणाला.

जिन्यात ताईने माझा दंड धरला होता. मधल्या पायरीवर ती थांबली आणि म्हणाली, "आईबाईचाच असेल गं तो. मला कुठे एवढं रडता येतंय?"

"तुझाच आहे, ताई. मी होते ना तिथे."

"मग मी नावाने नसते का रडले तिच्या? त्यात नाव नाहीये. मी नीट ऐकलं आत्ता."

नाव गेलंय हे तिनेच मला सांगितलं होतं, बटाटे सोलताना. मी ते तिला परत सांगितलं. तिने ऐकलं आणि माझी समजूत काढावी तशी माझ्या हातावर थोपटलं. त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, भावोजी जिवंत असायला हवे होते असं मला वाटलं, कारण मेलेल्याच्या थोबाडीत मारता येत नाही. ताई उरलेल्या पायऱ्या एकटीच उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, बरं झालं, एक विषय संपला, आता घरी जाऊन खिडक्या उघडू.